तळटिपांचा कारकून

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचे काम १९४८ साली सुरू झाले. डॉ. सु. मं. कत्रे यांच्या त्या योजनेत सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून, कोणता शब्द कुठे आणि कोणत्या अर्थाने आला हे हाताने चिठ्ठ्यांवर उतरवले गेले. चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. अशा कामात चिठ्ठी भलत्या खणात पडली की ती हरवल्यातच जमा, म्हणून अर्धे पांडित्य चिठ्ठ्या लावण्यातच खर्ची पडते.

पीएचडीच्या प्रबंधाला कोटीभर चिठ्ठ्या लागत नाहीत. दोन-तीनशे संदर्भांत भागते. धास्ती मात्र तीच असते. प्रबंध बांधणीला जायच्या आठवड्यात गाईड विचारतात, ‘हे अवतरण कुठल्या आवृत्तीतलं?’ मग जुन्या वह्या, फोनमधले फोटो आणि ‘फायनल’, ‘फायनल नवी’, ‘फायनल खरी’ अशा नावांच्या फायली उपसल्या जातात. या उपसाउपशीवर उतारा म्हणून गेल्या चाळीस वर्षांत सॉफ्टवेअरची एक जातच उभी राहिली. एंडनोट, झोटेरो, मेंडली, रेफवर्क्स, जॅबरेफ ही त्यातली ठळक नावे. यांचे काम काय, ते कुठे कमी पडतात आणि मराठीत लिहिणाऱ्याच्या हाती त्यातले किती लागते, हे पाहण्याजोगे आहे.

काम कळायला एक तळटीप पुरे. पंधराव्या टिपेत ग्रंथाचा पूर्ण तपशील आणि सोळाव्या टिपेत नुसते ‘तत्रैव, पृ. ४२’ असे लिहिले. नंतर गाईडच्या सांगण्यावरून दोन्हींच्या मध्ये एक परिच्छेद आला, त्याबरोबर दुसऱ्याच ग्रंथाची टीप आली, आणि जुने ‘तत्रैव’ मुकाट्याने त्या नव्या ग्रंथाकडे बोट दाखवू लागले. मराठी प्रबंधांत असे पोरके ‘तत्रैव’ शोधायला फार लांब जावे लागत नाही. सॉफ्टवेअर वापरले की टिपेत मजकूर टंकला जात नाही, ग्रंथाच्या नोंदीशी धागा जोडला जातो. मध्ये काहीही आले, परिच्छेद मागेपुढे झाले, तरी कोणती टीप कोणत्या ग्रंथाची हे त्याला ठाऊक असते आणि ते ओळ नव्याने मांडून देते. शेवटची सूचीही त्या धाग्यांवरूनच तयार होते. त्यामुळे मजकुरात उल्लेख आहे पण सूचीत ग्रंथ नाही, हा व्हायवात हमखास पकडला जाणारा दोष आपोआप टळतो.

नोंद येते कुठून? पूर्वी ती टंकावी लागे. आता ब्राउझरमध्ये एक बटण बसते. शोधनिबंधाचे पान उघडून ते दाबले की लेखक, शीर्षक, खंड, अंक, पृष्ठे आणि जमल्यास पीडीएफसुद्धा आपल्या संग्रहात येऊन पडते. यामागे प्रकाशकांनी पानांत दडवून ठेवलेली माहिती असते, आणि डीओआय नावाचा क्रमांक असतो. २००० साली प्रकाशकांनी मिळून क्रॉसरेफ ही संस्था काढली तेव्हापासून हा क्रमांक शोधनिबंधांना सर्रास मिळू लागला. तो सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला तरी बाकीचा तपशील सापडतो. पुस्तकासाठी आयएसबीएन चालतो.

एवढा खटाटोप मुळात का लागतो, याचे उत्तर संदर्भशैलींच्या बजबजपुरीत आहे. कंसात लेखकाचे नाव आणि वर्ष देण्याची जी रीत ‘हार्वर्ड’ म्हणून ओळखली जाते, तिचा उगम १८८१ साली हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी बिनशंखाच्या गोगलगायीवर लिहिलेल्या निबंधात दाखवतात. १९७८ साली काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले आणि क्रमांकांची व्हँकुव्हर शैली रूढ झाली. अमेरिकेच्या मानसशास्त्र संघटनेची एपीए शैली १९२९ साली सात पानांच्या सूचनेत मावत होती. २०१९ च्या सातव्या आवृत्तीने चारशे पाने ओलांडली आहेत. शिवाय प्रत्येक जर्नलचा आपला एक सवतासुभा असतो. कुणाला वर्ष कंसात हवे, कुणाला जर्नलचे नाव तिरपे, कुणाला ते तोडून, कुणाला पृष्ठांच्या आधी स्वल्पविराम तर कुणाला अपूर्णविराम.

निबंध एका जर्नलने नाकारला की दुसरीकडे पाठवण्याआधी हे सगळे बदलायचे. ‘प्लॉस वन’मध्ये २०१९ साली आलेल्या एका पाहणीत ४१ देशांतल्या ३७२ संशोधकांना विचारले गेले. एका निबंधाची नुसती मांडणी जर्नलच्या नियमांत बसवायला मध्यकानुसार १४ तास आणि वर्षाला ५२ तास जातात, असा त्यांचा अंदाज निघाला. यात आकृत्या, शब्दमर्यादा वगैरेही आले; पण संदर्भांचा वाटा कुणी लिहिणाऱ्याला सांगायला नको. सॉफ्टवेअरमध्ये हेच काम यादीतून दुसरी शैली निवडण्याइतके उरते. ब्रूस डार्कस यांनी सुरू केलेल्या सीएसएल या शैली-भाषेच्या खुल्या साठ्यात आज दहा हजारांहून अधिक शैली आहेत. त्यातल्या पुष्कळ म्हणजे एकच अंगरखा वेगवेगळ्या जर्नलांच्या नावाने. झोटेरो आणि मेंडली दोघेही याच साठ्यावर चालतात. काही जर्नलांनी अलीकडे शहाणपणा दाखवून पहिल्या खेपेला ‘कोणतीही शैली चालेल, फक्त एकसारखी ठेवा’ असे म्हणायला सुरुवात केली आहे.

या सॉफ्टवेअरांचा इतिहास मालकीच्या भांडणांनी भरलेला आहे, आणि विद्यार्थ्याने तो माहीत करून घ्यावा, कारण त्याची दहा वर्षांची टिपणे यांच्याच तिजोरीत राहणार असतात. १९८०च्या दशकात रिसर्च इन्फर्मेशन सिस्टिम्स या कंपनीने ‘रेफरन्स मॅनेजर’ आणला. तो २०१५ च्या अखेरीस विक्रीतून गेला, पण कंपनीच्या आद्याक्षरांवरून पडलेला ‘आरआयएस’ हा फाइलप्रकार अजून प्रत्येक जर्नलच्या पानावर डाउनलोडला असतो. त्याच दशकात रिचर्ड नाइल्स यांचे एंडनोट आले. ते पुढे यूजीन गारफील्ड यांनी फिलाडेल्फियात स्थापलेल्या आयएसआय संस्थेच्या घराण्यात गेले. हेच गारफील्ड ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’चे जनक. कोणाचा उल्लेख कोणी किती वेळा केला याची मोजदाद विकणाऱ्या घरातच उल्लेख लिहायचे सॉफ्टवेअर विकले जाऊ लागले! ते घर आधी थॉमसन, मग थॉमसन रॉयटर्स आणि २०१६ पासून क्लॅरिव्हेट या पाटीखाली चालते.

गणित आणि भौतिकशास्त्रवाल्यांची वाट निराळी. लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या लाटेक्स या अक्षरजुळणीच्या प्रणालीला जोड म्हणून ओरेन पाटाश्निक यांनी १९८५ साली बिबटेक लिहिले. साधी मजकुराची फाइल, तिच्यात नोंदी, बस्स. चाळीस वर्षांपूर्वीची फाइल आजही उघडते, याहून मोठे प्रशस्तिपत्र सॉफ्टवेअरच्या जगात मिळत नाही. मात्र तिचे लाड असतात. बिबटेकच्या पुष्कळ शैली शीर्षकातली मोठी अक्षरे लहान करून टाकतात, म्हणून ‘डीएनए’सारखा शब्द महिरपी कंसात कोंडावा लागतो, विसरले तर छापून आल्यावरच कळते.

झोटेरो २००६ साली व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास आणि नवमाध्यम केंद्रातून बाहेर पडले. केंद्र स्थापणारे रॉय रोझेनझ्वाइग हे इतिहासकार. अभिलेखागारातल्या कागदांशी, जुन्या वर्तमानपत्रांशी ज्यांची गाठ पडते त्यांनी ते घडवले, आणि ते जाणवते: पत्र, हस्तलिखित, मुलाखत, नकाशा यांना त्यात स्वतंत्र जागा आहेत. ते फुकट आणि मुक्तस्रोत. २००८ साली थॉमसन रॉयटर्सने विद्यापीठावर दावा ठोकला. झोटेरोची नवी आवृत्ती एंडनोटच्या शैलीफायली उघडून वापरू देते, हा करारभंग असून एक कोटी डॉलर भरपाई द्या, अशी मागणी होती. जून २००९ मध्ये न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर दावा काढून टाकला. स्वल्पविराम कुठे द्यायचा याच्या फायलींवरून एवढी रक्कम मागितली गेली, यावरून या धंद्यातली खरी मालमत्ता कोणती ते उमगते.

मेंडलीची गोष्ट जास्त शिकवणारी. तीन जर्मन पीएचडी विद्यार्थ्यांनी लंडनमध्ये ती काढली, २००८ साली ती लोकांसमोर आली, आणि पीडीएफ टाकला की नोंद आपोआप, शिवाय समविचारी संशोधकांशी गाठभेट, अशा थाटामुळे झपाट्याने पसरली. २०१२ साली गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांच्या पुढाकाराने एल्सेव्हियर या प्रकाशन कंपनीवर बहिष्काराची मोहीम निघाली होती. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, त्याच एल्सेव्हियरने मेंडली विकत घेतली. बऱ्याच जणांनी खाती बंद केली. २०१८ साली मेंडलीने वापरणाऱ्याच्या संगणकावरचा त्याचा स्वतःचा डेटाबेस सांकेतिक कुलुपात टाकला. कंपनीने सुरक्षेचे आणि खासगीपणाचे कारण दिले. झोटेरोवाल्यांना ते पटले नाही, कारण त्या डेटाबेसमधून नोंदी वाचून घेण्याची त्यांची सोय त्यामुळे बंद पडली. पुढे ऑनलाइन खात्यातून नोंदी ओढून घेण्याची वाट त्यांनी काढली. २०२१ साली मेंडलीचे मोबाइल ॲप गेले आणि २०२२ पासून जुने डेस्कटॉप सॉफ्टवेअर नव्याने उतरवता येईनासे झाले.

मग कोणते घ्यावे? बहुतेकांनी झोटेरो घ्यावे, हे बेलाशक सांगता येते. नोंदी कितीही ठेवा, पैसे पडत नाहीत. फक्त पीडीएफ त्यांच्या सर्व्हरवर ठेवायचे तर ३०० एमबीच फुकट मिळते. पीडीएफ आपल्याच संगणकावर ठेवले तर तीही मर्यादा नाही. २०२२ च्या सहाव्या आवृत्तीपासून वाचन आणि खुणा करणे आतच होते. संस्थेने एंडनोटचा परवाना भरला असेल आणि विभागातले सगळे तेच वापरत असतील तर तेही वाईट नाही. सहलेखकांशी फाइल जुळणे हा मोठा मुद्दा असतो. एकाने वर्डमध्ये, दुसऱ्याने गुगल डॉक्समध्ये आणि तिसऱ्याने भलत्याच सॉफ्टवेअरने संदर्भ घातले की धागे तुटतात, आणि मग रात्र वैऱ्याची. काहीही घेतले तरी महिन्याकाठी सगळा संग्रह आरआयएस किंवा बिबटेकमध्ये बाहेर काढून ठेवणे, ही सवय बाकी सगळ्या तुलनांपेक्षा मोलाची.

इथवर कौतुक झाले. सॉफ्टवेअरला मिळालेला तपशील खरा की खोटा, हे त्याला कळत नाही. जर्नलच्या पानावर शीर्षक सगळे मोठ्या अक्षरांत असेल तर सूचीतही ते ओरडतच येते. लेखकाच्या नावाचे दोन रकाने असतात, आडनाव आणि नाव. त्यात ‘महाराष्ट्र शासन’ सरळ टाकले की सूचीत ‘शासन, महाराष्ट्र’ अवतरते. जागतिक आरोग्य संघटनेचीही अशीच ‘ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.’ होऊन बसते आणि ती कुणा गृहस्थाच्या ऐटीत यादीत विराजमान होते. झोटेरोत रकान्याशेजारच्या छोट्या खुणेवर टिचकी मारून तो एकेरी करता येतो. ज्ञानेश्वर, नामदेव यांच्यासाठीही तोच मार्ग. पण हे करायचे असते हे माहीत हवे, आणि नोंद आल्याआल्या ती डोळ्यांखालून घालायला हवी. दोनशे नोंदी साचल्यावर हे कोणी करत नाही.

चुका पसरतात कशा याचे नामी उदाहरण कॅलिफोर्निया विद्यापीठातले मिखाईल सिमकिन आणि व्ही. रॉयचौधुरी यांनी २००३ साली मांडले. एका गाजलेल्या निबंधाच्या ४,३०० उल्लेखांपैकी १९६ मध्ये छापील तपशील चुकलेला होता. मात्र वेगवेगळ्या चुका मोजल्या तर फक्त ४५. एकच चुकीचा पृष्ठक्रमांक ७८ जणांनी दिला होता. ७८ माणसे स्वतंत्रपणे तोच आकडा चुकत नाहीत. ती एकमेकांच्या सूच्या उतरवतात. यावरून त्यांनी हिशेब मांडला की उल्लेख करणाऱ्यांपैकी जेमतेम पाचांतला एक मूळ निबंध वाचत असावा. हिशेबाच्या गृहीतकांवर वाद घालता येईल, आणि तेव्हा पुष्कळ जण हातानेच टंकत होते. आता बटण दाबल्यावर पृष्ठक्रमांक बरोबर येतो. त्यामुळे न वाचता केलेला उल्लेख ओळखण्याची ही खूणही पुसली गेली.

याहून गमतीचा प्रकार डच संख्याशास्त्रज्ञ पीटर क्रोनेनबर्ग यांच्या नजरेला पडला आणि ॲन-विल हार्झिंग यांनी तो २०१७ मध्ये जगापुढे मांडला. व्हान डेर गीर, हानराड्स आणि लप्टन यांचा ‘वैज्ञानिक लेख लिहिण्याची कला’ या अर्थाच्या शीर्षकाचा, २००० सालचा एक निबंध वेब ऑफ सायन्स या उल्लेखसूचीत जवळजवळ चारशे ठिकाणी उद्धृत झालेला होता. असा निबंध अस्तित्वातच नाही. संदर्भ कसा लिहावा हे दाखवायला एल्सेव्हियरने लेखकांच्या नमुना-फाइलीत घातलेली ती काल्पनिक नोंद होती. बऱ्याच जणांनी नमुन्यातली ओळ खोडायची राहू दिली, आणि ती संपादक, तपासनीस, मुद्रितशोधक या सर्वांच्या हातांखालून सहीसलामत गेली.

चॅटजीपीटी आल्यापासून असे भूतसंदर्भ घाऊक भावात मिळतात. २०२३ साली न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात एव्हिआंका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधी न झालेले निवाडे दाखल केले आणि न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. असा बनावट संदर्भ झोटेरोत हाताने भरला तर तो एपीएच्या नियमांत बिनचूक सजून बाहेर येतो. उलट संदर्भ भरताना डीओआयपासूनच सुरुवात केली तर बनाव तिथेच उघडा पडतो, कारण खोट्या क्रमांकाला काही सापडत नाही, किंवा भलताच निबंध हाती येतो.

एका बाबतीत यंत्र माणसाच्या पुढे गेले आहे. मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ‘रिट्रॅक्शन वॉच’ ही संस्था ठेवते. तिच्याशी झोटेरो २०१९ पासून जोडलेले आहे. आपल्या संग्रहातला निबंध मागे घेतला गेला की वर लाल पट्टी दिसते आणि तो मजकुरात घालू गेल्यास सॉफ्टवेअर हटकते. गोवर-गालगुंडाच्या लशीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’ने मागे घ्यायला २०१० उजाडले. तीन-चार वर्षे चालणाऱ्या प्रबंधात पहिल्या वर्षी गोळा केलेला निबंध शेवटच्या वर्षी शाबूत आहे का, हे हाताने कोण तपासणार?

आपल्याकडे या विषयाला वाङ्मयचौर्याच्या भीतीची फोडणी मिळाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी साम्याचे टक्के आणि त्यानुसार कारवाईचे टप्पे ठरवले: दहा टक्क्यांपर्यंत क्षम्य, साठाच्या वर गेले की पीएचडीची नोंदणीच रद्द. त्यामुळे संदर्भांचे सॉफ्टवेअर वापरले की टक्के उतरतात असा समज विद्यार्थ्यांत पसरला आहे. पण संदर्भसूची त्या मोजणीतून नियमानेच वगळलेली आहे. उतरवलेला परिच्छेद उतरवलेलाच राहतो. त्याच्या शेपटाला नीटनेटका कंस लावल्याने तो आपला होत नाही.

मराठीत लिहिणाऱ्याची वाट मात्र बरीच खडकाळ आहे. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मुद्रित पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ हाताने तयार केली. आज त्याच काळातले पुस्तक झोटेरोत घ्यायचे म्हटले तर बटण कामाचे नाही: आयएसबीएन नाही, डीओआय नाही. नोंद परदेशी ग्रंथालयाच्या सूचीत सापडली तर ती रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबे घेऊन येते. अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या लिप्यंतरात शेवटच्या अक्षरातला ‘अ’ही लिहिला जातो, त्यामुळे ‘खांडेकर’ हे आडनाव ‘खांडेकरा’ वाचावे अशा स्पेलिंगने उतरते. याच लेखकाचे इंग्रजी पुस्तक असले तर सूचीत एका माणसाची दोन माणसे होतात. म्हणून मराठी नोंद हाताने, शीर्षकपान समोर ठेवून भरणेच बरे. त्या पानावर शके १८२५ असले तर वर्षाच्या रकान्यात १९०३ घालावे आणि शक टिपणात ठेवावा, कारण सॉफ्टवेअरला शक कळत नाही आणि १८२५ हे त्याला इसवी सनच वाटते. शकात ७८ मिळवून भागते, पण पुस्तक पौषाच्या सुमाराला किंवा नंतर निघाले असेल तर ७९.

वर्णक्रमाचीही अडचण आहे. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठीवर बसवलेला आहे, तर मराठी कोशांत तो ‘ह’च्या नंतर येतो. मराठीचा क्रम लावण्याची सोय संगणकात असते. ती लागू झाली नाही तर काळे हे कावळ्यांच्या आधी येतात आणि क्षीरसागर ‘क’मध्ये जाऊन बसतात. शैली एका वेळी एकच भाषा बोलते, तेव्हा इंग्रजी शैलीत मराठी ग्रंथाच्या टिपेतही ‘तत्रैव’च्या जागी ‘आयबिड’ येते आणि तीन-चार संपादक असले की मराठी नावामागे ‘एट अल.’ लागते. नागोया विद्यापीठातले फ्रँक बेनेट यांनी झोटेरोवरूनच काढलेल्या ‘ज्युरिस-एम’मध्ये एका नोंदीला मूळ लिपी, लिप्यंतर आणि अनुवाद अशी तिन्ही रूपे देता येतात, कायद्याचे आणि आशियाई भाषांचे अभ्यासक ते वापरतात, मराठी विभागांत त्याचे नाव क्वचितच ऐकू येते.

शिवाय आपल्या प्रबंधांत सूची एक नसते. मराठी ग्रंथ, इंग्रजी ग्रंथ, नियतकालिके, अप्रकाशित प्रबंध, मुलाखती, संकेतस्थळे अशी तिची घरे पाडायची रीत आहे. एंडनोटमध्ये आणि लाटेक्सच्या बिबलाटेकमध्ये असे गट पाडता येतात. झोटेरो एका दस्तऐवजाला एकच सलग सूची देते. त्यामुळे मराठीचा विद्यार्थी शेवटपर्यंत झोटेरोवर लिहितो, मग फाइलची एक प्रत बाजूला ठेवतो, दुसऱ्या प्रतीत धागे तोडून सगळे संदर्भ साध्या मजकुरात बदलतो, ‘एट अल.’च्या जागी ‘व इतर’ घालतो, ‘आयबिड’चे ‘तत्रैव’ करतो आणि सूचीतल्या ओळी कापून आपापल्या शीर्षकाखाली चिकटवतो. गाईडने त्यानंतर दुरुस्ती सुचवली तर ती पहिल्या प्रतीत करून हे सगळे पुन्हा करायचे असते.